पैठणीच्या घडीच्या रेघा काढताना: काठ, पदर आणि जर सांभाळून

लग्नकार्यासाठी पैठणी कपाटातून काढली की तिच्यावर चौकोनी घड्यांच्या रेघा ठळक दिसतात आणि हात आधी इस्त्रीकडे जातो. थोडं थांबा. नेसायच्या निदान दोन दिवस आधी साडी बाहेर काढली, तर बऱ्याचशा रेघा तिच्या स्वतःच्या वजनानेच जातात. उरलेल्या तेवढ्यांवरच इस्त्री फिरवायची.

रेशीम हवेतला दमटपणा शोषतं. किंचित दमट झालेला धागा मऊ पडतो आणि आपण ताणू तसा बसतो. कोरड्या, जास्त उष्णतेने मात्र तो पिवळा आणि ठिसूळ होतो. म्हणून दमटपणा आणि वेळ आधी, उष्णता शेवटी.

साडी उलगडून आधी घामाचे, हळदीचे किंवा अत्तराचे डाग आहेत का ते उजेडात बघून घ्या. डागावर इस्त्री फिरली की डाग पक्का होतो, तेव्हा अशी साडी आधी ड्रायक्लीनिंगला द्या. डाग नसतील तर घरातल्या कपडे वाळत घालायच्या दांडीवर जुनं सुती धोतर किंवा चादर टाका आणि त्यावर साडी सैल चौपदरी करून टाका. जुनी रेघ नव्या वळणावर येऊ देऊ नका. छताला चार-पाच दांड्या असतील तर साडी एकीवरून दुसरीवर सैल झोळ देत न्या, म्हणजे जवळजवळ घडीच राहत नाही. तारेचा हँगर वापरू नका, त्याचीच नवी रेघ पडते. रात्रभर सावलीत राहू द्या. मुंबईत आणि कोकणात हवेतला दमटपणाच हे काम करतो. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात हवा कोरडी असते, तिथे वाफेची मदत घ्यावी लागते.

त्यासाठी न्हाणीघरात कढत पाण्याची बादली भरून दार लावा आणि साडी बादलीपासून व ओल्या भिंतींपासून लांब, दहा-पंधरा मिनिटं टांगा. कापड हाताला गार आणि मऊ लागलं की पुरे. थेंब जमू लागले तर साडी लगेच बाहेर आणा आणि कोरड्या मलमलीने टिपून घ्या. मग दोघींनी समोरासमोर उभं राहून दोन्ही काठ धरायचे आणि हात-हात अंतराने सरकत हलकेच ताणायचे. ताण आडवा-उभा सरळच हवा. तिरका ओढला तर कापड वाकडं होतं आणि काठाला लाट येते. त्यानंतर तासभर पंख्याखाली सुकवा.

आता इस्त्री. टेबलावर दुपदरी ब्लँकेट आणि त्यावर पांढरी, धुतलेली सुती चादर पसरा. रंगीत चादर नको, दमट रेशमाला तिचा रंग लागू शकतो. इस्त्रीचा तळ ओल्या फडक्याने पुसून घ्या. खटका रेशमावर ठेवा आणि वाफ बंद करा. खटक्यावर नुसते ठिपके असतील, तर एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश आणि दोन म्हणजे १५०. सुरुवात एकावरूनच करा, कारण काठ-पदरातली जर कुठली आहे ते आधी कळायला हवं. अस्सल जर चांदीची, टेस्टेड जर तांब्याची, पण आजच्या बऱ्याच सेमी, म्हणजे यंत्रमागावरच्या स्वस्त पैठण्यांमधली जर प्लास्टिकची असते आणि उष्णतेने ती आकसते. एकदा आकसली की काठ कायमचा चुणतो. पदराच्या गोंड्यातला जरीचा एक सुटा धागा कापून साडीपासून दूर काडीने पेटवा. वितळून गुठळी झाली तर जर प्लास्टिकची, म्हणजे एक ठिपका ओलांडायचा नाही.

पहिली चाचणी कमरेला खोचल्या जाणाऱ्या टोकावर घ्या. साडी उलटी पसरा, वर कोरडी मलमल घाला आणि इस्त्री लांबीच्या दिशेने फिरवा. एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. रेघ हटत नसेल तर मलमल ओली करून घट्ट पिळा आणि तीच वर घाला. साडीवर थेट पाणी शिंपडू नका. सुती कपड्यांची ही सवय रेशमावर महागात पडते: थेंब वाळले की कडेला गोल डाग राहतात. वाफेची इस्त्री मध्येच थुंकते तेव्हाही हेच होतं.

पदराला आणि बुट्ट्यांना इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची. खाली जाड टॉवेल असला की विणीचा उठाव दबत नाही. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच स्वच्छ असतो. यंत्रमागाच्या पदराच्या मागे मात्र धागे मोकळे लोंबतात आणि इस्त्रीच्या टोकात अडकून खेचले जातात. तिथे मलमल काढूच नका. एवढं झालं की साडी तशीच दहा मिनिटं गार होऊ द्या. गरम रेशमाची घडी घातली तर काढलेली रेघ त्याच क्षणी परत बसते.

काठाच्या खालच्या बाजूला बारीक चुण्या असतील आणि इस्त्रीला अजिबात दाद देत नसतील, तर दोष बहुधा फॉलचा असतो. न भिजवता लावलेला सुती फॉल पुढे आकसतो आणि काठाला ओढतो. फॉल उसवून, नवा भिजवून-वाळवून सैल टाक्यांनी लावणं हाच उपाय.

इस्त्री रेशमावर थेट लागून चकाकी आली असेल तर उलट बाजूने हलकी वाफ देऊन ती थोडी कमी होते. पिवळा पडलेला भाग मात्र परत येत नाही. निऱ्या आधी पाडून ठेवायच्या असतील तर पिना आणि प्लास्टिकचे चिमटे काढल्याशिवाय इस्त्री लावू नका: पिनेचा ठसा उठतो, चिमटा वितळतो. रस्त्यावरच्या कोळशाच्या इस्त्रीला पैठणी देऊच नये, तिची उष्णता आवरता येत नाही आणि राखेची ठिणगी पडली तर भोकच पडतं.

कार्य झाल्यावर साडी रात्रभर मोकळी सोडा, मगच आत ठेवा. जर आतल्या बाजूला घेऊन मलमलीत गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. घडीची जागा दर तीन महिन्यांनी बदला, कारण रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की तिथेच विरतं. कपाटात जागा असेल तर पुठ्ठ्याच्या जाड नळीवर आधी मलमल आणि मग साडी गुंडाळा. ती नेसायच्या दिवशी इस्त्री न लावताही चालते.