बेटावरचं जुनं क्रूझ बंदर खाजगी भागीदाराच्या हाती देताना

सार्वजनिक-खाजगी भागीदारीचा विषय निघाला की सरकारी टेबलावर पहिलं येतं ते नव्या टर्मिनलचं चित्र: काचा, पामची झाडं, हसरे पर्यटक. ते चित्र बाजूला ठेवा आणि आधी पाणबुडे बोलवा. मी धक्क्यांची तपासणी करणारा अभियंता आहे, करारांच्या कामात नंतर ओढला गेलो. त्यामुळे माझी सुरुवात पाण्याखालून होते.

जुना धक्का आधी कुजतो तो भरती-ओहोटीच्या पट्ट्यात. कायम बुडालेल्या भागाला ऑक्सिजन कमी मिळतो, कायम कोरड्या भागाला मीठ कमी. मधल्या पट्ट्याला दोन्ही भरपूर. क्षार काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतात, सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेत असल्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. वरून चालताना यातलं काहीच कळत नाही. होडीतून धक्क्याखाली गेलात तर स्लॅबच्या पोटाला तांबूस रेघा दिसतील. पाणबुड्याला पाइलवरचे, म्हणजे धक्का ज्यांवर उभा असतो त्या खांबांवरचे, शिंपले खरवडायला सांगा आणि हातोडी मारायला लावा. ठणठणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला की आत पोकळी आहे असं समजा. पोलादी पाइल असतील तर अल्ट्रासाउंडने जाडी मोजा. पाइल गंजू नयेत म्हणून त्यांच्याऐवजी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे, म्हणजे अॅनोड, लावलेले असतील तर तेही बघा. ते झिजून संपलेले असतात आणि बदलायचे कुणाच्या लक्षात नसतं, असं मी फार ठिकाणी पाहिलं आहे.

ही तपासणी सरकारने स्वतःच्या खर्चाने करावी आणि अहवाल सगळ्या बोलीदारांना एकाच दिवशी द्यावा. पैसे वाचवायला हे काम बोलीदारांवर ढकललं, तर प्रत्येक जण वाईटात वाईट अवस्था धरून आकडा लावतो, नाहीतर करारात पळवाट ठेवतो. दोन्हीचं बिल शेवटी बेटालाच येतं.

धक्का मजबूत निघाला तरी तो आजच्या जहाजांना पुरेल असं नाही. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या ओॲसिस वर्गाची जहाजं सुमारे ३६० मीटर लांब आहेत, एकेका जहाजात पाच हजारांवर प्रवासी. जहाजाचा धक्क्याकडे येण्याचा वेग दुप्पट झाला तर फेंडरवर, म्हणजे धक्क्याला लावलेल्या रबरी गाद्यांवर, येणारी ऊर्जा चौपट होते. वर जहाजाची दहा-बारा मजल्यांची भिंत वारा अडवते, तो सगळा ताण दोरखंडांतून बोलार्डवर, म्हणजे दोर बांधायच्या धक्क्यावरच्या खुंटांवर, येतो. म्हणून फेंडर, बोलार्ड आणि दोर बांधायचे पाण्यातले सुटे खांब, ज्यांना बंदरवाले डॉल्फिन म्हणतात, यांची क्षमता वेगवेगळी तपासा. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोर्तो रिकोतल्या सान हुआनला ‘नॉर्वेजियन एपिक’ या क्रूझ जहाजाने तिसऱ्या धक्क्याच्या दोन डॉल्फिनना धडक दिली. असं झालं की दुरुस्ती कोणाची आणि तोपर्यंत बुडालेला महसूल कोणाचा, हे करारात आधीच लिहिलेलं असावं.

आता गिऱ्हाइकाकडे. प्रवासी तुमचं गिऱ्हाईक नाही, क्रूझ कंपनी आहे. मार्ग ती ठरवते, तेही साधारण दोन वर्षं आधी, आणि तुमच्या बेटाऐवजी स्वतःचं बेट किंवा किनाराही निवडू शकते. बहामात रॉयल कॅरिबियनने २०१९ मध्ये ‘कोकोके’ हे आपलं बेट नव्याने उभं केलं, कार्निव्हलने जुलै २०२५ मध्ये ग्रँड बहामा बेटावर ‘सेलिब्रेशन की’ हा स्वतःचा किनारा सुरू केला. तुमच्या बंदराची स्पर्धा अशा किनाऱ्यांशी आहे. तेव्हा निविदेआधीच दोन-तीन मोठ्या कंपन्यांशी बोला आणि धक्क्यावर प्राधान्य देण्याच्या बदल्यात किमान प्रवासीसंख्येची लेखी हमी मागा. मात्र एकाच कंपनीला सगळे धक्के, सगळे वार देऊ नका. तिने एखाद्या हंगामात पाठ फिरवली तर तुम्ही कोरडे.

बोली लावणारेही मोजकेच असतात. बहामातलं नासाऊ, अँटिग्वा आणि सान हुआन या तिन्ही बंदरांची जबाबदारी क्रूझ बंदरं चालवणाऱ्या एकाच कंपनीकडे, ग्लोबल पोर्ट्स होल्डिंगकडे गेली. यात त्या कंपनीचा दोष नाही, बाजारच लहान आहे. म्हणून घाई करू नका आणि एकच बोली आली तर काय करायचं ते आधी ठरवून ठेवा.

पैशाची मांडणी तीन बंदरांनी तीन तऱ्हांनी केली. नासाऊला २०१९ मध्ये २५ वर्षांचा करार झाला. बंदर चालवणाऱ्या कंपनीत ४९ टक्के वाटा ग्लोबल पोर्ट्सचा, ४९ टक्के बहामातल्या गुंतवणूकदारांच्या फंडाचा आणि २ टक्के एका स्थानिक प्रतिष्ठानाचा. अँटिग्वाने ३० वर्षांच्या करारात आपलं जुनं रोख्यांचं कर्ज, सुमारे २ कोटी १० लाख डॉलर, भागीदाराकडून फेडून घेतलं आणि मोठ्या जहाजांसाठी पाचवा धक्का पूर्ण करून घेतला. सान हुआनच्या ३० वर्षांच्या करारावर ऑगस्ट २०२२ मध्ये सह्या झाल्या, ताबा फेब्रुवारी २०२४ मध्ये गेला, आणि पोर्तो रिकोच्या बंदर प्राधिकरणाला साडेसात कोटी डॉलर एकरकमी मिळाले.

या एकरकमी पैशाबद्दल माझं मत थोडं कडू आहे. त्याने चालू वर्षाचा ताळेबंद सुटतो, मंत्र्यांना फोटोही मिळतो, पण ती रक्कम पुढची तीस वर्षं प्रवासी शुल्कातूनच वसूल होणार असते. डोक्यावर जुनं कर्ज असेल तर घ्या. नसेल तर महसुलातला वाटा वाढवून मागा, आणि तो नफ्यावर नाही, एकूण उत्पन्नावर घ्या. नफा कागदावर कमी करायला कुणाला शिकवावं लागत नाही. सरकारचा प्रवासी कर आणि बंदराचं शुल्क करारात वेगळं दाखवा. दोन्ही एकाच ओळीत गेले की पुढे कोणी किती वाढवायचं यावरून वर्षानुवर्षं भांडणं चालतात.

सान हुआनकडून उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे कामाचे टप्पे. पहिल्या टप्प्यात आहे त्या धक्क्यांची दुरुस्ती आणि सुधारणा. अकराव्या-बाराव्या धक्क्यावरचं नवं टर्मिनल दुसऱ्या टप्प्यात, आणि तो टप्पा प्रवासीसंख्या महासाथीपूर्वीच्या पातळीवर येण्यासारख्या आधी ठरलेल्या अटींवर. तुमच्या करारातही असा आकडा घाला. नुसतं ‘मागणी वाढल्यास’ लिहिलंत तर मागणी वाढली की नाही हे वकील ठरवतील.

संकटाचं कलम कुणी नीट वाचत नाही. नासाऊच्या भागीदाराने ऑक्टोबर २०१९ मध्ये ताबा घेतला आणि मार्च २०२० मध्ये कोविडमुळे जहाजंच थांबली. तरी पुनर्विकास पुरा होऊन मे २०२३ मध्ये बंदराचं उद्घाटन झालं. तुमच्या कलमात इतकं हवंच: जहाजं किती महिने बंद राहिल्यावर भागीदाराने सरकारला द्यायचा किमान हप्ता थांबणार, मुदत वाढणार का, आणि वादळानंतर विम्याने न भरलेली पहिली रक्कम कोणाच्या खिशातून जाणार. करार संपताना धक्का कोणत्या अवस्थेत परत हवा तेही मोजता येईल अशा शब्दांत लिहा, आणि शेवटच्या पाच वर्षांत दुरुस्तीचे पैसे वेगळ्या खात्यात अडकवून ठेवा.

धक्क्याच्या फाटकाशी टॅक्सीवाले उभे असतात, पलीकडे टोप्या आणि शंखांच्या माळा विकणाऱ्या बायका. नवा नकाशा काढताना त्यांची जागा ‘किरकोळ विक्री क्षेत्र’ होते आणि भाडं परवडेनासं होतं. निविदा काढण्याआधी त्यांची नावनिशीवार यादी करा, किती गाळे आणि किती टॅक्सीथांबे कोणत्या दराने राखीव ते जोडपत्रात टाका. हे मागाहून करू म्हणालात तर पहिल्याच जहाजाला रस्ता अडवलेला मिळेल. त्या वेळी टॅक्सीवाल्यांच्या बाजूने बोलणारा आमदार कालपर्यंत तुमच्याच समितीत बसलेला असतो.

बांधकामाचं वेळापत्रक शेवटी ठरवतात, पण डोकं सगळ्यात जास्त तिथेच फिरतं. कॅरिबियनमध्ये जहाजांची गर्दी डिसेंबर ते एप्रिल, तेव्हा धक्का बंद ठेवता येत नाही. काम करायला मोकळा मिळतो तो तिथला जून ते ऑगस्टचा उन्हाळा, आणि वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. म्हणजे पाइल ठोकायची क्रेन नेमकी वादळाच्या तोंडावर पाण्यात उभी. उपाय एकच: एका वेळी एकच धक्का बंद ठेवायचा, तरंगत्या क्रेनसाठी आसऱ्याची जागा आधीच राखायची, आणि पुढच्या दोन वर्षांचं जहाजांचं आरक्षण करारालाच जोडायचं. त्यातली तारीख चुकली तर दंड कंत्राटदाराने भरायचा.