“ताप येतो का हो, सिस्टर?” लसीकरणाच्या टेबलावर या चुका टाळा

नाशिकमधल्या सातपूरच्या कामगार वस्तीतली एक ताई दीड महिन्याचं बाळ घेऊन आली होती. पेंटाचा, म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा, पहिला डोस होता. तिने विचारलं, “ताप येतो का हो, सिस्टर?” सिरिंज भरता भरता मी म्हटलं, “येतो थोडा, औषध देते. चला, पुढचं कोण?”

अडीच महिन्यांच्या डोसला ती आली नाही, साडेतीनच्याही नाही. आशाताई दोनदा घरी जाऊन आल्या, तेव्हा कारण कळलं. त्या रात्री बाळ रडत राहिलं. एकच खोली, मधे पत्र्याची भिंत, पलीकडे सकाळच्या पाळीला जाणारी माणसं. घरमालकीण दारात येऊन बोलून गेली आणि नवऱ्याचा दुसऱ्या दिवशीचा खाडा झाला. “ताप येतो का” म्हणजे “आजची रात्र कशी काढू” असं ती विचारत होती. मी तापाचं उत्तर दिलं आणि मोकळी झाले.

पहिली चूक हीच: उत्तराची घाई

सत्राला तीस-पस्तीस बाळं असतात, रजिस्टर भरायचं असतं, घाई होतेच. तरी उत्तर देण्याआधी एक उलट प्रश्न विचारायला दहा सेकंदं पुरतात. “मागच्या वेळी घरी काय झालं होतं?” किंवा “घरचे काय म्हणतात?” खरी भीती बहुतेक वेळा या दोन प्रश्नांतच बाहेर येते.

त्या ताईला आज मी सांगेन की ताप बहुधा आज रात्री किंवा उद्या येईल, एक-दोन दिवसांत उतरेल. पॅरासिटामॉल आत्ताच पाजू नका, अंग तापलं की वजनाप्रमाणे सांगितलं तेवढंच द्या, आणि दोन डोसांत किमान चार तास जाऊ द्या. अंगावर पाजत राहा, बाळाला गुंडाळून ठेवू नका. आणि पुढच्या वेळी नवऱ्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी सत्र असेल, तर तेव्हाच या. हा शेवटचा सल्ला कुठल्याच प्रशिक्षणात मिळाला नाही, पण सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

“काही होत नाही हो”

धीर द्यायला आपण हे म्हणतो आणि तिथेच फसतो. काही तरी होतंच, आणि झालं की आपला शब्द खोटा ठरतो.

क्षयरोगावरच्या बीसीजी लसीचंच बघा. डाव्या दंडावर टोचतो, त्या दिवशी बारीक फुगवटा येतो आणि जिरतो. आई निश्चिंत होते. मग दोन-तीन आठवड्यांनी तिथे फोड येतो, पिकतो, फुटतो. आपण आधी सांगितलेलं नसतं, म्हणून घरात “सुई पिकली” अशी बोंब होते आणि हळद, तेल, चुना, जे हाताशी असेल ते लागतं. खरं तर लस आपलं काम करते आहे. काही लावायचं नाही, दाबायचं नाही, आंघोळ नेहमीसारखी घालायची. काही आठवड्यांत खपली पडून वण राहतो. कधी वण राहतही नाही, म्हणून बीसीजी पुन्हा द्यायची नसते. काखेत मोठी गाठ आली किंवा जखम भरेचना, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं.

पेंटानंतर मांडीत सुपारीएवढी गाठ काही दिवस लागू शकते. चोळू नका, शेकू नका. दुखत नसेल तर आपोआप विरते. गोवर-रुबेलाचं उलट असतं. त्या दिवशी बाळ खेळतं, आणि आठवडाभराने थोडा ताप, क्वचित अंगावर पुरळ. तोवर आईच्या डोक्यातून लस निघून गेलेली असते. म्हणून हे टोचायच्या आधी सांगा, नंतर नाही.

“इतके दिवस झोपला होतात का?”

हे वाक्य मी स्वतः बोलले आहे, म्हणून कोणाकडे बोट दाखवत नाही. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला बागेच्या कामावर येतात. बाळ पाठीशी असतं, कार्ड मात्र पाड्यावरच्या पेटीत राहिलेलं. बाई उशिरा आली म्हणजे मजुरी बुडवून आली. तिला चारचौघांत झापलं, तर पुढच्या वेळी ती केंद्राच्या वाटेने जाणारच नाही.

उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. जिथे थांबलं तिथून पुढे, दोन डोसांत किमान चार आठवडे ठेवून. बीसीजी एक वर्षापर्यंत आणि गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देता येते. यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद असेल तर मोबाईल नंबरवरून माहिती सापडते. नसेल तर गावाकडच्या आशाताईंकडून कार्डाचा फोटो मागवा. साधी सर्दी, खोकला किंवा कमी वजन बघून बाळाला परत पाठवणं हीही चूकच. परत पाठवलेलं बाळ किती वेळा पुन्हा येतं, हे आपलं आपल्याला ठाऊक आहे.

आजींना बाजूला सारणं

आपण आईशी बोलतो आणि निर्णय होतो बाकावर बसलेल्या सासूबाईंकडे. “आमच्या वेळी कुठे होत्या एवढ्या सुया?” असं त्या म्हणाल्या की आपल्या कपाळाला आठी पडते. मी हल्ली विचारते, “आजी, तुमच्या गावात पोलिओने पाय गेलेलं कोणी होतं का हो?” जवळजवळ प्रत्येक आजीला कोणी ना कोणी आठवतं. कोणाचा भाऊ, कोणाची वर्गातली मैत्रीण. एकदा पंचवटीतल्या आजींनी चुलतभावाची काठी, त्याचं बारीक झालेलं पाऊल आणि त्याच्या लग्नाची झालेली ओढाताण, सगळं बसल्या जागी सांगितलं. ओळीतल्या चार आया कान देऊन ऐकत होत्या. मला फक्त एवढंच जोडावं लागलं की देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो.

गोवराबद्दल मात्र आजींची समजूत वेगळी असते. “अंगातली उष्णता आहे, निघून जाऊ द्यावी.” इथे हसू नका, वादही घालू नका. आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात, २०२२ च्या अखेरीस गोवराची साथ आली होती, हे सांगा. गोवरानंतर न्यूमोनिया होतो, डोळे जाऊ शकतात. लांबच्या आकडेवारीपेक्षा मालेगाव लवकर पटतं.

“एकाच दिवशी तीन सुया?”

दीड महिन्याला पेंटा, न्यूमोनियावरची पीसीव्ही आणि दंडावरची पोलिओची सुई, शिवाय जुलाबावरच्या रोटा लसीचे आणि पोलिओचे थेंब. आईच्या पोटात गोळा येणारच. “सगळ्यांनाच देतात” हे उत्तर झालं नाही. तीन वेगळे दिवस म्हणजे तीन खेपा, तीनदा रडणं आणि मधल्या काळात बाळ उघडं, असं सांगितलं की समजतं. थेंब आधी द्या, सुया शेवटी. बाळाला टेबलावर आडवं पाडण्यापेक्षा आईच्या मांडीवर धरू द्या आणि टोचल्याबरोबर अंगावर घेऊ द्या. थेंबांनंतर दूध चालत नाही, असं अजूनही काही जणी सांगतात. तसं काही नाही.

“खाजगीत बिनतापाची पेंटा मिळते ना?” हाही प्रश्न येतो. तिथल्या लसीला नावं ठेवू नका. तिच्यातला डांग्या खोकल्याचा भाग वेगळ्या पद्धतीने बनवतात, म्हणून ताप कमी येतो. आपल्याकडची लस फुकट असली तरी हलकी नाही, एवढं सरळ सांगा.

लसीमुळे ऑटिझम होतो, असा व्हिडिओ कोणी दाखवला तरच त्यावर बोला. ही भीती ज्यातून पसरली तो १९९८ चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला आणि ज्या डॉक्टराने लिहिला त्याचा परवाना गेला. जिने विचारलंच नाही तिला हे ऐकवणं म्हणजे नवी भीती हातात देणं.

टोचून झाल्यावर

अर्धा तास थांबवायचं असतं, हे आपण सांगतो आणि तोच आधी कापतो. त्या वेळात आई निवांत असते, खरे प्रश्न तेव्हाच निघतात. झटका, तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, बाळ मलूल पडणं, श्वासाला त्रास किंवा न उतरणारा ताप, यांपैकी काही दिसलं तर थेट घेऊन या, असं सांगा. आणि कोणी तसं घेऊन आलंच, तर “लसीमुळे नाही हं” हे पहिलं वाक्य नको. आधी बाळ बघा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा, नोंद करा. कारण काय ते तपासात ठरेल.

कार्डावर पुढची तारीख बॉलपेनने लिहा, पेन्सिल घामाने पुसली जाते. आणि तोंडी सांगताना नुसती तारीख सांगू नका. “संकष्टीनंतरचा बुधवार” म्हटलं की आजीसुद्धा बोटांवर मोजून लक्षात ठेवतात.