रिस्टोर करताना 'टाइप अस्तित्वात नाही': माझा अनुभव

पोस्टग्रेस या डेटाबेसचा बॅकअप नव्या सर्व्हरवर चढवताना (म्हणजे रिस्टोर करताना) एक इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणारी सूची, काही केल्या बनेना. एरर एकच: 'रक्कम' टाइप (डेटाचा प्रकार) अस्तित्वात नाही. टाइप तर 'दर' स्कीमात (डेटाबेसातल्या नावांच्या कप्प्यात) समोर दिसत होता!

इंडेक्स आमच्याच एका फंक्शनवर होता आणि त्या फंक्शनच्या आत टाइप स्कीमाचं नाव न लावता वापरलेला. खरी गोम इथेच आहे. पॅरामीटरचे आणि रिटर्नचे टाइप फंक्शन तयार होतानाच पक्के होतात. पण अवतरणात लिहिलेली बॉडी (फंक्शनचा आतला कोड) नुसता मजकूर म्हणून साठते. तिच्यातली नावं फंक्शन चालताना, त्या वेळच्या सर्च पाथप्रमाणे (नावं कोणत्या स्कीमांत शोधायची त्या यादीप्रमाणे) शोधली जातात. २०१८च्या सुरक्षा दुरुस्तीपासून पीजी_डंप हे बॅकअप घेणारं साधन रिस्टोरच्या वेळी सर्च पाथ रिकामा ठेवतं. मग नाव सापडणार कुठून?

मूळ डेटाबेसवर त्या फंक्शनला 'ऑल्टर फंक्शन'ने 'सेट सर्च_पाथ = दर, पीजी_टेम्प' (पीजी_टेम्प म्हणजे तात्पुरत्या वस्तूंचा स्कीमा) लावलं, पुन्हा डंप घेतला, रिस्टोर सुरळीत झालं. मात्र सेट लावलेलं एसक्यूएल फंक्शन क्वेरीत इनलाइन होत नाही (त्याची बॉडी थेट क्वेरीत मिसळली जात नाही), म्हणून सतत लागणाऱ्या छोट्या फंक्शनांत थेट 'दर.रक्कम' असं पूर्ण नावच लिहिलं. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १४ पासून 'बिगिन अ‍ॅटॉमिक' पद्धतीने, अवतरणाविना लिहिलेल्या बॉडीतली नावं फंक्शन तयार करतानाच ठरतात. नवी एसक्यूएल फंक्शनं मी आता तशीच लिहितो.