गाडीशिवाय कोकणात एक दिवसाची सहल: या चुका टाळा

स्वतःचे वाहन नसतानाही कोकणातले एखादे गाव एका दिवसात पाहून येता येते. बेत फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: जाण्याची गाडी आधी शोधली जाते आणि परतीचे तिथे गेल्यावर पाहू, असे म्हटले जाते. आडगावची एसटी गावकऱ्यांच्या सोयीने धावते. मुक्कामाला गेलेली वस्तीची गाडी सकाळी विद्यार्थ्यांना आणि बाजारहाट करणाऱ्यांना तालुक्याला आणते आणि संध्याकाळी त्यांना घरी सोडून गावातच थांबते. पर्यटकाची दिशा नेमकी उलटी असल्यामुळे, संध्याकाळी गावात शिरलेली गाडी आपल्याला परत नेईल असे जो गृहीत धरतो, त्याला ती पहाटेपर्यंत हललेली दिसत नाही. म्हणून परतीची शेवटची फेरी आधी विचारावी, तिच्या अगोदरची फेरी आपली मानावी आणि उरलेल्या वेळात जेवढे बसेल तेवढेच पाहावे.

ही चौकशी आगारातल्या खिडकीवर करावी, आणि नीट करावी. तिथे सांगितलेली वेळ गाडी मूळ स्थानकातून सुटण्याची असते. मधल्या थांब्यावर ती केव्हा येईल, याचा अंदाज वाहक किंवा नाक्यावरचा दुकानदार अधिक अचूक देतो. पाटीवर गावाच्या नावाखाली लिहिलेले ‘मार्गे’ वाचल्याशिवाय गाडीत चढू नये, कारण एकाच गावाला दोन वेगळ्या रस्त्यांनी गाड्या जातात आणि आपले ठिकाण त्यांपैकी एकाच रस्त्यावर असते. शाळेच्या सुट्टीत विद्यार्थ्यांसाठीच्या फेऱ्या बंद असतात, तर गणेशोत्सवात गाड्या जादा वाहतुकीकडे वळवल्या जातात. या दिवसांत जुन्या माहितीवर विसंबू नये.

नावावरून अंतराचा अंदाज बांधणे ही दुसरी मोठी चूक. कोकण रेल्वेचे राजापूर रोड स्थानक राजापूर शहरापासून बरेच दूर आहे आणि सावंतवाडीचे स्थानक मळगावात आहे. मुंबई-गोवा महामार्गावर निवळी फाट्याला उतरणाऱ्याला गणपतीपुळे अजून सुमारे तीस किलोमीटर असते. लहान गावांतही फाटा वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, आणि वस्ती खाली खाडीकाठी असे चित्र नेहमीचे आहे. उतरताना सोपी वाटणारी ती वाट दुपारच्या उन्हात चढताना फार थकवते, कारण सड्यावर सावलीला झाड मिळणे कठीण.

नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन गावांमध्ये खाडी आहे का, हेही पाहावे. दापोलीकडून गुहागरला जाताना दाभोळ-धोपावे फेरीबोट मोठा वळसा वाचवते, आणि तीत पायी प्रवाशालाही जाता येते. मात्र पलीकडच्या धक्क्यावरून पुढे कोणती गाडी मिळेल, हे ठरवल्याशिवाय खाडी ओलांडू नये. जंजिरा आणि सिंधुदुर्ग या किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या तर पावसाळ्यात बंदच असतात.

समुद्राचे वेळापत्रक एसटीपेक्षा निराळे असते, याचाही अनेकांना विसर पडतो. हेदवीच्या किनाऱ्यावरील बामणघळीत, म्हणजे खडकातल्या अरुंद भेगेत, उसळणारे पाणी पाहायचे तर भरतीच हवी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यामुळे अष्टमीला दुपारी परतीची गाडी धरणाऱ्याने बामणघळीचा बेत वेगळ्या तिथीला करावा. भरतीच्या वेळी खडकांच्या कडेला जाणे मात्र कटाक्षाने टाळावे; तिथे पाय घसरला तर मदत मिळेपर्यंत फार उशीर होतो.

घरगुती खानावळीत जेवण आयत्या वेळी मिळेलच असे नाही, म्हणून गावात पोहोचताच सांगून ठेवावे.

इतके करूनही गाडी चुकलीच, तर निर्जन थांब्यावर वाट पाहत बसू नये. दिवसाउजेडी मोठ्या रस्त्यावरचा फाटा गाठावा, कारण तिथून लांब पल्ल्याच्या गाड्या जातात आणि सहा आसनी रिक्षा अंधार पडायच्या आत मिळण्याची शक्यता अधिक असते. सकाळी उतरतानाच स्थानिक रिक्षाचालकाचा क्रमांक घेऊन परतीचे भाडे ठरवून ठेवले असेल, तर संध्याकाळी घासाघीस करण्याची वेळ येत नाही. फोन मात्र रेंज असेल तिथूनच करावा, कारण खाली खाडीकाठी किंवा घाटीत रेंज जाते.