बोअरच्या पाण्यातील युरेनियम कसे तपासावे आणि कसे टाळावे

पंजाबातील बठिंडा, मानसा, फरीदकोट या जिल्ह्यांत, म्हणजे तिथल्या माळव्यात (मध्य प्रदेशातील माळवा निराळा), अनेक बोअरच्या पाण्यात युरेनियम आढळले आहे. ते प्रामुख्याने भूगर्भातील खडक आणि गाळ यांतून येते. पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असले की ते युरेनियमला विरघळलेल्या अवस्थेत धरून ठेवते, आणि खतांमधून झिरपलेले नायट्रेट या क्रियेला हातभार लावते.

अशा पाण्याला रंग, वास किंवा वेगळी चव नसते, आणि पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवरूनही काही कळत नाही. म्हणून प्रयोगशाळेत नमुना देताना युरेनियमची तपासणी नाव घेऊन मागावी, कारण नेहमीच्या तपासणीत ती बहुधा नसते. नळीत साचलेले पाणी निघून जावे यासाठी पंप काही मिनिटे चालू ठेवावा, प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळून भरावी, आणि तिच्यावर बोअरची खोली व तारीख लिहावी. पुढे बोअर अधिक खोल केल्यास पाणी पुन्हा तपासावे, कारण दुसऱ्या थरातील पाण्याचा गुण वेगळा असू शकतो.

अहवालातील आकडा लिटरमागे 30 मायक्रोग्रॅम, म्हणजेच 0.03 मिलिग्रॅम, या मर्यादेशी ताडून पाहावा. ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेची आणि भारतीय मानक ब्यूरोचीही आहे. काही ठिकाणी अणुऊर्जा नियामक मंडळाची 60 मायक्रोग्रॅमची मर्यादा दिलेली दिसते. ती किरणोत्साराच्या दृष्टीने ठरवलेली आहे. माझ्या मते घरासाठी 30 हाच आकडा धरावा, कारण पिण्याच्या पाण्यातील नैसर्गिक युरेनियमची मुख्य भीती किरणांची नसून, जड धातू म्हणून ते मूत्रपिंडाला जी इजा करते तिची आहे. बाळाचे पावडरचे दूध कालवायला आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला प्यायला ही मर्यादा ओलांडणारे पाणी मुळीच वापरू नये.

उकळल्याने युरेनियम जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. अतिनील किरणांचा फिल्टरही इथे निरुपयोगी आहे. आरओ मात्र त्याचा बहुतांश भाग काढून टाकतो, तरी यंत्र बसवल्यावर आणि पुढे वर्षातून एकदा गाळलेले पाणी तपासून घ्यावे. यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात युरेनियम साठलेले असते, त्यामुळे ते स्वयंपाकाला किंवा गुरांना देऊ नये. अंघोळ आणि कपडे धुणे यांसाठी बोअरचे पाणी चालते, कारण त्वचेतून युरेनियम शरीरात फारसे शिरत नाही. शुद्ध केलेले कालव्याचे पाणी गावात येत असेल, तर पिण्यासाठी तेच घ्यावे.