दुकानात अकूस्टिक गिटार पारखताना

भिंतीवर ओळीने टांगलेल्या गिटारींमधून एक निवडायची वेळ आली की बहुतेकांची नजर आधी रंगाकडे जाते, मग चकाकीकडे, आणि शेवटी एकदोन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, वाजवून निर्णय होऊन जातो. माझी पहिली गिटार मी अशीच घेतली. तिच्यावर त्याच आठवड्यात कोऱ्या तारा चढवलेल्या होत्या आणि त्यांचा लखलखीत झंकार ऐकून मी भाळलो. दोनतीन महिन्यांत तारा जुन्या झाल्या, तो झंकार ओसरला आणि मागे उरला जाड प्लायवूडचा कोंडलेला आवाज. दुकानदाराने मला फसवले नव्हते. मी तारा ऐकल्या होत्या, लाकूड ऐकलेच नव्हते.

तेव्हापासून गिटार हातात घेताना मी एकच प्रश्न मनात ठेवतो : समोर दिसणारा हा गुण किंवा दोष नंतर बदलता येणारा आहे का? तारा बदलता येतात, बॉडीवर तारा ज्यावर टेकतात ते सॅडल घासता येते, मानेच्या टोकाशी तारा ज्याच्या खाचांतून जातात तो नट नवा बसवता येतो, खुंट्याही बदलता येतात. बॉडीचा आकार, वरच्या फळीचे लाकूड आणि मान बॉडीला ज्या कोनात जोडलेली आहे तो कोन मात्र जवळजवळ कायमचाच असतो. दुकानातला वेळ मुख्यत्वे या दुसऱ्या गोष्टींसाठी खर्च करावा.

जाण्यापूर्वी थोडी तयारी हवी. दुकानात गर्दी नसेल अशी वेळ निवडावी, कारण शेजारी कोणी ड्रम वाजवून पाहत असेल तर अकूस्टिक गिटारचा बारकावा ऐकू येणे अशक्य आहे. डाव्या हाताची नखे कापलेली असावीत. पट्ट्याचे बक्कल, जॅकेटची चेन आणि अंगठ्या यांनी गिटारच्या पाठीवर ओरखडे पडतात, म्हणून त्या काढून ठेवाव्यात किंवा झाकाव्यात. तारा छेडायचे स्वतःचे नेहमीचे पिक, फोनमध्ये ट्यूनरचे ॲप, मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी पोलादी पट्टी आणि कागदाचा एक कपटा एवढे साहित्य पुरते. शिवाय विचार न करता वाजवता येतील असे दोनतीन तुकडे हाताशी असावेत, कारण बोटे कॉर्ड शोधण्यात गुंतली की कान ऐकायचे थांबतात. ज्यांना अजून वाजवता येत नाही त्यांनी वाजवणाऱ्या ओळखीच्या माणसाला सोबत न्यावे. पुढे सांगितलेल्या बऱ्याच तपासण्या मात्र वाजवता न येणाऱ्यालाही करता येतात.

गिटार हातात आल्यावर पहिले काम म्हणजे ती सुरात लावणे. हे सांगायला नको असे वाटेल, पण दुकानातल्या गिटारी अनेकदा अर्धा-एक स्वर उतरलेल्या असतात. तारा ढिल्या असल्या की त्या दाबायला मऊ लागतात आणि फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूपट्ट्यांवर, आपटून खडखडतातही, त्यामुळे त्या अवस्थेत काढलेला कोणताही निष्कर्ष चुकीचा ठरतो. ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झ धरून प्रत्येक गिटार ट्यूनरने नेमकी जुळवावी. त्या हिशेबाने जाड सहावी तार ८२.४१ हर्ट्झवर आणि पातळ पहिली तार ३२९.६३ हर्ट्झवर येते. जुळवता जुळवता खुंट्यांचीही परीक्षा होते. खुंटी फिरवताना स्वर सलग चढला पाहिजे; तो अडकून एकदम उडी मारत असेल, तर बहुधा तार नटच्या खाचेत अडकत असते, आणि ही खाच दुरुस्त होण्याजोगी असते.

आता तारांकडे पाहावे. जाड तारांच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवले की काळपट मळ आणि फ्रेटांनी पाडलेले खड्डे चटकन लक्षात येतात. एकीवर कोऱ्या तारा आणि दुसरीवर वर्षभर जुन्या, अशा दोन गिटारींची तुलना करण्यात अर्थ नसतो. निवड दोन गिटारींवर आली की दोन्हींवर एकाच जाडीच्या नव्या तारा चढवून मिळतील का, असे दुकानदाराला विचारावे. तारांचे पैसे देण्याची तयारी दाखवली तर सहसा नकार मिळत नाही. जाडीही लक्षात घ्यावी. पहिली तार ०.०१० इंचाची असेल तर गिटार दाबायला हलकी वाटते, ०.०१२ इंचाची असेल तर जड वाटते, आणि या फरकाचे श्रेय किंवा दोष आपण उगाच गिटारला देतो.

यानंतर काही न वाजवता, हात नसलेल्या खुर्चीवर गिटार मांडीवर घेऊन निवांत बसावे. उजवा खांदा वर ओढला जातो का? छातीशी बॉडी दाटून येते का? सर्वाधिक दिसणारा ड्रेडनॉट हा आकार मार्टिन कंपनीने १९१६ च्या सुमारास प्रथम बनवला आणि त्याला एका ब्रिटिश युद्धनौकेचे नाव मिळाले. त्याची रुंद, खोल बॉडी भरघोस खर्ज देते, पण लहान चणीच्या माणसाला अर्ध्या तासात खांदा दुखायला लावू शकते. कमरेत अधिक निमुळत्या, लहान बॉडीच्या गिटारींचा खर्ज कमी असला तरी बोटांनी वाजवताना त्यांचा प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. आवाजाच्या मोहात पडून शरीराला न झेपणारा आकार घेऊ नये, कारण अवघडून बसावे लागले की सराव आपोआप कमी होतो आणि गिटार कोपऱ्यात पडून राहते.

नटची रुंदी कागदावर क्षुल्लक दिसते : काही गिटारींत ती ४३ मिलिमीटर असते, काहींत ४४.५. हा दीड मिलिमीटर काय करतो हे ‘सी’ कॉर्ड धरून पाहावे. कॉर्ड धरून सहाच्या सहा तारा एकेक करून छेडाव्यात. पहिली मोकळी तार ‘टप्’ असा मुका आवाज करत असेल, तर तर्जनीचा गर तिला टेकलेला असतो. तोच हात रुंद नटवर ठेवला की तीच तार मोकळी वाजू लागते. तारेची नट ते सॅडल ही लांबीही पाहावी. २५.५ इंचांच्या गिटारवर तोच स्वर मिळवायला तार अधिक ताणावी लागते, २४.७५ इंचांवर ती थोडी सैल राहते आणि फ्रेटही जवळजवळ येतात. आखूड बोटांना हा फरक पहिल्या पाच मिनिटांतच कळतो.

सर्वांत जास्त गैरसमज तारांच्या उंचीबद्दल, म्हणजे ॲक्शनबद्दल असतात, म्हणून इथे घाई करू नये. बाराव्या फ्रेटच्या धातूपट्टीवर पोलादी पट्टी उभी धरून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. सहाव्या तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि पहिल्या तारेखाली दोनच्या आत अंतर असेल तर ते बहुतेकांना सोयीचे पडते. अंतर जास्त निघाले तरी गिटार लगेच भिंतीवर परत टांगू नये. आधी सहावी तार एका हाताने पहिल्या आणि दुसऱ्या हाताने चौदाव्या फ्रेटवर दाबावी आणि सातव्या फ्रेटजवळ तारेखाली किती फट दिसते ते पाहावे. तिथे जाड कागदाएवढी फट हवी. ती मोठी असेल तर मान पुढे वाकलेली आहे, आणि मानेतल्या ट्रस रॉड या धातूच्या दांडीने ती जाणत्या हातांकडून सरळ करून घेता येते.

मान सरळ असूनही तारा उंच असतील, तर नजर ब्रिजवरच्या, म्हणजे बॉडीवर तारा अडकवलेल्या लाकडी तुकड्यावरच्या, सॅडलकडे न्यावी. सॅडल ब्रिजच्या वर तीनचार मिलिमीटर डोकावत असेल तर चिंता नाही. ते एक मिलिमीटर घासले की बाराव्या फ्रेटवर तारा अर्धा मिलिमीटर खाली येतात. पण सॅडल आधीच ब्रिजच्या पातळीला टेकत आले असेल आणि तरीही तारा उंच असतील, तर मानेचा कोन बिघडलेला आहे. तो सुधारायचा म्हणजे मान बॉडीपासून सोडवून पुन्हा बसवायची. साध्या गिटारसाठी हा खर्च परवडत नाही. माझ्या मते, आवाज कितीही आवडला तरी अशी गिटार घेऊ नये.

पहिल्या फ्रेटजवळ तारा फार कडक लागत असतील तर दोष नटच्या खाचांचा असतो. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबून पहिल्या फ्रेटवर पाहावे. तिथे केसाएवढीच फट उरली पाहिजे. नवशिके ‘एफ’ कॉर्ड जमत नाही म्हणून स्वतःला दोष देत बसतात. पुष्कळदा दोष उथळ राहिलेल्या या खाचांचा असतो, आणि कारागिराला त्या खोल करायला फार वेळ लागत नाही.

मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकदा दाबून, मध्यम जोराने वाजवत जावे. हे कंटाळवाणे आहे, पण एखाद्याच फ्रेटवर स्वर खडखडतो किंवा मरतो हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही. पाठोपाठ बाराव्या फ्रेटची परीक्षा घ्यावी : धातूपट्टीच्या नेमके वर तारेला बोट नुसते टेकवून हार्मोनिक, म्हणजे घंटेसारखा स्वर, काढावे, मग तीच तार तिथेच दाबून वाजवावी. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असल्याने ट्यूनरवर दोन्ही स्वर एकच दिसले पाहिजेत. जुन्या तारांमुळेही इथे फरक पडतो. तारा नव्या असूनही दाबलेला स्वर स्पष्टपणे चढा किंवा उतरलेला असेल, तर वरच्या फ्रेटांवरच्या कॉर्ड गोड लागणार नाहीत.

लाकडाची तपासणी डोळ्यांनी आणि बोटांनी होते. फ्रेटबोर्डच्या कडेवरून तळहात सरकवताना फ्रेटांची टोके टोचत असतील तर कोरड्या हवेत लाकूड आकसले आहे. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कागदाचा कपटा ब्रिजच्या मागच्या कडेखाली सारून पाहावा. तो आत शिरला तर ब्रिज उचलला जाऊ लागला आहे. ब्रिजमागे किंचित फुगवटा असणे स्वाभाविक आहे, कारण तारा लाकडाला सतत ओढत असतात. पण ब्रिजच्या पुढची फळी खचलेली आणि मागची टेंगळासारखी वर आलेली दिसली तर ती गिटार सोडून द्यावी. वरची फळी अखंड लाकडाची आहे की प्लायवूडची, हे मधल्या भोकाच्या कडेवर दिसते : पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर लाकूड अखंड आहे, आडवे थर दिसत असतील तर प्लाय. स्प्रूसचा आवाज खणखणीत असतो आणि सीडर हलक्या स्पर्शालाही उबदार प्रतिसाद देतो असे म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे, तरी लाकडाच्या नावावर फार विसंबू नये. फळी किती पातळ आहे आणि आतल्या पट्ट्या कशा घडवल्या आहेत यावरही तितकेच अवलंबून असते, आणि ते ऐकूनच कळते.

ऐकण्यासाठी एक तुकडा आधी अगदी हळू, मग हळूहळू जोर वाढवत वाजवावा. चांगली गिटार हळू वाजवताना पोकळ लागत नाही आणि जोरात वाजवताना कर्कश होत नाही. दुसऱ्या तारेवर सातवा फ्रेट दाबून एकच स्वर छेडावा आणि तो कसा विरतो ते शांतपणे ऐकावे. काही गिटारींत तो खांबावर हात मारल्यासारखा थांबतो, काहींत तो लांबवर रेंगाळत जातो. गिटारचा आवाज वाजवणाऱ्यापासून पुढे फेकला जातो, म्हणून भिंतीकडे तोंड करून हातभर अंतरावरून वाजवावे, म्हणजे परतून येणारा आवाज कानावर पडतो. दुसऱ्या कोणाला तरी वाजवायला सांगून स्वतः तीन मीटर लांब उभे राहणे याहून उत्तम. एका वेळी दोनच गिटारींची तुलना करावी, आवडलेली ठेवून तिच्यासमोर तिसरी आणावी. अर्ध्या-पाऊण तासानंतर कान थकतात आणि सगळ्या गिटारी सारख्याच वाटू लागतात. तेव्हा बाहेर एक चक्कर मारून यावे. पिकअप, म्हणजे आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारे साधन, असलेली गिटारही आधी ॲम्प्लिफायरशिवायच ऐकावी.

निवड झाली की भोकातून आत दिसणाऱ्या लेबलवरचा क्रमांक लिहून घ्यावा आणि हातातलीच गिटार द्यायला सांगावी. त्याच नमुन्याची सीलबंद खोक्यातली दुसरी गिटार पुढे केली गेली, तर ती उघडून, सुरात लावून, सॅडलपासून कपट्यापर्यंतची सगळी तपासणी पुन्हा करावी. एकाच नमुन्याच्या दोन गिटारींच्या फळ्या एकाच झाडाच्या असतीलच असे नाही.