मोडी शिकवायला पंडित असावं लागत नाही

मोडी लिपीचा वर्ग घ्या म्हटलं की नुकतेच शिकलेले लोक मागे सरतात. शिवकालीन पत्र अजून वाचता येत नाही, मग आम्ही काय शिकवणार, हा त्यांचा प्रश्न. मी शिकवायला लागले तेव्हा माझीही मजल आंग्लकालीन, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या, कागदांपलीकडे गेली नव्हती. पण वर्गात येणाऱ्यांना बहुतेक वेळा तेच हवं असतं. कुणाकडे पणजोबांचं खरेदीखत असतं, कुणाकडे कोतवाल बुकातल्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतल्या, पानाची झेरॉक्स. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून तर मोडीची चौकशी फारच वाढली.

मुळाक्षरं रोज गिरवली की बसतात. गाडी अडते ती खऱ्या कागदाशी. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली सलग लिहीत जायचं, ही मोडीची रीत. त्यामुळे शब्द कुठे संपला ते कळत नाही. विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मुरलेल्या वाचकाला यात काही अवघड आहे हेच जाणवत नाही. तुम्हाला जाणवतं, कारण तुम्ही कालपरवापर्यंत तिथेच अडकला होता. नवशिक्यांसाठी तुम्ही योग्य आहात ते यामुळेच.

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लावत नाही. आधी ‘मौजे’ शोधा म्हणते. त्याच्यापुढे गावाचं नाव येतं आणि ते घरच्यांना ठाऊक असतं. एक निवृत्त काका बराच वेळ पानावर बोट फिरवत होते. गावाचं नाव सापडलं तसं त्यातल्याच अक्षरांवरून त्यांनी खालच्या ओळीतलं आजोबांचं नाव लावलं. लिहिणाऱ्याच्या हाताचं वळण एकदा ओळखीचं झालं की पुढचं पान पुष्कळ सोपं जातं.

तासाला एकच कागद घ्या. आधी घरी त्याचं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिप्यंतर करा आणि जाणकाराकडून तपासून घ्या. पुराभिलेख विभागाची मोडीची परीक्षा दिलेली असेल तर उत्तमच, पण त्यासाठी थांबू नका.

जे लागत नाही तिथे फळ्यावर टिंबं द्या आणि पुढे चला. आडनाव, जात, रक्कम, जमिनीचं क्षेत्र यांत अंदाज अजिबात नको. कागद कोर्टात किंवा दाखल्यासाठी द्यायचा असेल, तर तो अनुभवी मोडीवाचकाकडेच पाठवा.